लिंबाखालची गाडी

१२ एप्रिल, रविवार

आज सकाळी नऊ वाजता माझा रबरावरचा विश्वास उडाला.

इतिहासात भल्याभल्यांचे विश्वासघात झाले आहेत; पण निदान घात करणारा त्यांच्या समोर उभा होता. मला हे गुडघ्यावर बसून, कपाळावरचा चष्मा नाकावर आणून बघावं लागलं. रविवारचं टायर-पॉलिश चालू होतं. डिझेलमध्ये खोबरेल, माझा स्वतःचा फॉर्म्युला. पुढच्या डाव्या टायरवर केसाएवढी रेघ दिसली. वाटलं, केसच असेल. पुसला. गेला नाही. मग शेजारी दुसरी रेघ. मागचा टायर पाहिला तर तिथं अख्खा नकाशा.

चार वर्षांची गाडी. जेमतेम नऊ हजार किलोमीटर चाललेली. कव्हर घातल्याशिवाय एक रात्र ठेवलेली नाही. गल्लीतल्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली उभी असते आणि ती जागा जाऊ नये म्हणून मी तिला शक्यतो हलवतच नाही. वाळूजला कंपनीच्या बसने जातो, भाजीला स्कूटरवर, लग्नाला दुसऱ्याच्या गाडीत. एवढा जीव लावूनही टायरला भेगा!

तनुजाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या टाचांना दहा वर्षांपासून आहेत, तुम्ही कधी असं वाकून बघितलं नाही.

विषय भरकटवायची बायकोची जुनी सवय.

संकल्प : टायर कंपनीला सोडायचं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

कंपनीला मेल केला. चार परिच्छेद, सात फोटो. शेवटी ‘योग्य ती पावलं उचलावी लागतील’ हे वाक्य. कुठली पावलं ते लिहिलं नाही. धाक त्यातच असतो.

बसमध्ये क्वालिटी डिपार्टमेंटच्या बुद्धभूषणला फोटो दाखवले. त्यानं विचारलं, किती चालवता? म्हटलं, गरजेपुरती. शेवटची गरज कधी पडली होती? दिवाळीत. तो खिडकीबाहेर बघायला लागला, ते थेट गेट येईपर्यंत.

क्वालिटीवाले असेच. दोष सप्लायरचा निघाला की गप्प बसतात.

१९ एप्रिल, रविवार

शेजारचे फारूखभाई उर्दू शाळेत भूगोल शिकवतात. त्यांची पांढरी व्हॅन नऊ वर्षांची. रोज चालते, बारा महिने उन्हात उभी असते. तिच्या टायरला एक भेग नाही. मी चप्पल शोधत असल्यासारखं करून वाकून पाहिलं. हा सरळसरळ अन्याय आहे.

वाकलेलो असतानाच ते बाहेर आले. म्हणाले, लेक तबस्सुम बाळंतपणाला आली आहे, तान्ह्या हारिसला सारखं डॉक्टरकडे न्यावं लागतं, आणि दुपारी व्हॅनमध्ये पाय ठेववत नाही, तवा होतो नुसता. ‘साब, दो महिने छांव बाट लेते अपन. सुबे तुमारी, दोपहर मेरी.’

मी त्यांना परचेस डिपार्टमेंटमधलं तत्त्व समजावलं. बावीस वर्षं मी त्यावर पगार घेतो आहे : सवलत एकदा दिली की तिचा रेट होतो. शिवाय माझे टायर सध्या नाजूक अवस्थेत आहेत.

फारूखभाईंनी माझ्या कव्हर घातलेल्या गाडीकडे बघितलं. म्हणाले, ‘हौ साब, समझ गया. चादर तो चढ गई, अब खाली उर्स बाकी है. आपनकू दरगे कू खुलताबाद जाने की जरूरतच नै.’

मीही मोठ्याने हसलो. घरात आल्यावर लक्षात आलं की हसायला नको होतं.

२६ एप्रिल, रविवार

नवीन प्रकरण. पाचोडहून सोमनाथचा, म्हणजे मेहुण्याचा, फोन. सासूबाईंना, सारजाबाईंना, दिसायचं फार कमी झालंय. परवा चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि दोष साखरेला दिला. इथल्या, शहरातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली आहे, ८ जून. त्या आधी मे-जूनमध्ये अधिक महिना, म्हणजे जावयाचं धोंड्याचं जेवण. तेव्हा सोमनाथनं ठरवलं की दाजींनी ७ जूनला गाडी घेऊन यावं, धोंडे खावेत आणि येताना आईला घेऊन जावं.

सासूबाई मधेच फोनवर आल्या. जीपमध्ये येणार नाही, एसटीत येणार नाही, सोमनाथच्या मोटरसायकलवर तर नावच काढू नका. ‘जावयाच्या गाडीतच यीन, नायतर डोळे ऱ्हाऊ द्या हायेत तसे. चार वर्षं झाली, सगळ्या बाजाराला सांगून बसले जावयानं गाडी घेतली म्हून. कुनी पाह्यली नाय आजून.’

फोन ठेवल्यावर तनुजा एवढंच म्हणाली की आई हट्टी आहे, बोलली तर तसंच करील. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, चिंता नको. सहा आठवडे आहेत. टायर बदलणं हे माझ्यासारख्या माणसाला दोन दिवसांचं काम.

३ मे, रविवार

दोन दिवसांचं काम पद्धतशीर करायचं तर थोडा वेळ द्यावाच लागतो. आज पाच दुकानं फिरलो. स्कूटरवर. टायर पाहायला गाडी नेऊन असलेले टायर झिजवायचे, हा शहाणपणा मला मान्य नाही.

नव्या टायरच्या कडेवर चार आकडे असतात : तो कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात जन्मला. हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे. सांडूशेठच्या दुकानात सेट बरा होता. पण आकडे पाहिले तर माल डिसेंबरमधला. म्हटलं, शिळा आहे, मला याच महिन्यातला हवा. सांडूशेठनं आधी माझ्याकडे, मग टायरकडे बघितलं. म्हणाले, ‘साहेब, टायर हाय ह्यो. मेथीची जुडी नाय.’

व्हेंडर चिडला म्हणजे आपण बरोबर जागी बोट ठेवलं. पाचही जणांना लेखी क्वोटेशन मागितलं. तिघे हसले. दोघांनी फोनवर भाव सांगितला. तो मी लेखी समजतो.

१० मे, रविवार

रात्रंदिवस कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, म्हणजे तुलनेचा तक्ता, चालू आहे. पकड, आवाज, ओल्या रस्त्यावरचं थांबणं, व्हेंडरचा स्वभाव. तनुजानं विचारलं की ओल्या रस्त्याचं काय करायचंय, आपली गाडी कोरड्या रस्त्यावर तरी कुठं जाते? रकाना काढला नाही. टोमण्यांनी निकष बदलत नसतात.

टायर कंपनीचं उत्तर आलं. तीन सूचना. गाडी सावलीत ठेवा. गाडी नियमित चालवा, एका जागी उभी राहिली तर टायरला भेगा पडतात. तेलकट पॉलिश लावू नका.

पहिल्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. उरलेल्या दोन छापील दिसतात.

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. आणि पहाटे, दूध तापायच्या आत, विचार लागला.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात. ताटभर अनारसे, वर दिवा, कपडे, ऐपत असेल तर चांदीचं काहीतरी. मला यातलं काही नको. मी हुंडासुद्धा घेतला नव्हता, हे मी दरवर्षी सांगतो. पण समजा, द्यायचंच आहे. समजा, त्यांचं मन मोडवत नाही. तर चांदीचा तांब्या घेऊन मी काय करणार? आणि शेवटी त्या टायरवर बसून कुणाची आई येणार आहे?

सोमनाथला फोन केला. थेट मागणं माझ्या रक्तात नाही. पाऊसपाणी, कापूस, मग सहज म्हटलं की यंदा टायरचे भाव बघ काय झालेत, माणसानं स्वतः घ्यावेत तरी कसे. तो म्हणाला, ‘बघू दाजी.’

‘बघू’ म्हणाला! नाही म्हणाला नाही. शेतकरी माणूस, एकदा बघतो म्हणाला की करतो.

तूर्त खरेदी स्थगित. सांडूशेठला कळवलं की निर्णय वरच्या पातळीवर गेलाय.

२४ मे, रविवार

पॉलिश केलं. भेगा वाढल्यात. सोमनाथचा फोन नाही, म्हणजे तयारी चालू असणार. सरप्राइज देणारी माणसं गप्पच असतात.

तनुजा विचारते, टायर कधी? मी म्हणतो, योग्य वेळी. तिनं कॅलेंडरवर ७ जूनभोवती लाल गोल काढला. काल त्याच गोलावरून पुन्हा पेन फिरवलेलं दिसलं. कागद तिथं फाटायला आलाय.

२८ मे, गुरुवार

बकरी ईद. तनुजा अधिक महिना पाळते हे लक्षात ठेवून शेजारच्या सगीराभाभींनी, फारूखभाईंच्या बायकोनं, आमच्यासाठी वेगळ्या भांड्यातला गोड भात पाठवला. उत्कृष्ट. मी दोनदा घेतला.

दुपारी साडेबाराला तबस्सुम बाळाला घेऊन व्हॅनमध्ये बसली. बाळ लगेच रडायला लागलं. फारूखभाई सीटवर ओली चादर टाकत होते, खिडक्या उघडत होते. बराच वेळ रडणं चालू होतं.

खिडकी लावून घेतली. उकाडा फार आहे.

३ जून, बुधवार

वाट बघून शेवटी मीच सोमनाथला फोन केला. टायरचं बघितलं का? म्हणाला, ‘हायेत की दाजी. चार हायेत. गोठ्याशेजारी ठिवलेत. या तुमी, न्या.’

तनुजाला विजयी मुद्रेनं सांगितलं. तिनं विचारलं की तिथले टायर तिथं जाऊन आणायचे, तर तिथं कशावर जायचं?

हा मुद्दा विचारात घेतलेला होता, फक्त शेवटी. असलेल्या टायरवर जायचं. भेगा वरवरच्या आहेत.

५ जून, शुक्रवार

कव्हर काढलं. ट्रायल घ्यायला किल्ली फिरवली. गाडीनं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प. बॅटरी बसली. फारूखभाईंनी व्हॅन शेजारी लावून वायरी जोडल्या आणि चालू करून दिली. म्हणाले, ‘साब, छे महिने में एक बार तो उठाया करो इसकू.’ मी आभार मानले, पण सूर आवडला नाही.

६ जून, शनिवार

सकाळी हवा भरायला पंपावर गेलो. जाताना लिंबाखाली स्कूटर आणि तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या. जागेची काळजी घ्यावी लागते. गाडी एका पायानं लंगडल्यासारखी चालत होती, ठक्‌ ठक्‌ ठक्‌. बहुधा रस्ता.

हवा थोडी जास्तच भरून घेतली. सासूबाई, अनारसे आणि येताना डिकीत चार नवे टायर. लोडचा विचार आधीच करावा लागतो.

परत आलो, कुंड्या उचलल्या, गाडी लिंबाखाली लावली, कव्हर घातलं. दुपारी तीन वाजता जेवून आडवा झालो होतो. गल्लीत असा आवाज झाला की लिंबावरचे सगळे कावळे उडाले. पुढचा डावा टायर. उभ्या जागी. कव्हरच्या आत. सगळी गल्ली बाहेर. हारिस उठला आणि रडायला लागला. फारूखभाई बनियनवर धावत आले, कव्हर वर करून आत बघितलं आणि हळूच खाली सोडलं, जसं वर केलंच नव्हतं.

स्टेपनी काढली. तिच्यात हवा नाही. चार वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. सांडूशेठला फोन केला. म्हणाले, तुमी नाय म्हनलेला सेट परवाच एकानं नेला. आता माल मंगळवारी. आणि वर : ‘ताजा येईल साहेब.’

तनुजाला म्हटलं, ऑपरेशनची तारीख पुढे घेऊ, नाहीतरी मोतीबिंदू काही धावत नाही.  तिनं पायात चप्पल घातली, शेजारी गेली, पाच मिनिटांत परत आली. म्हणाली, भाई येतायत, सकाळी सातला निघायचं. तुम्ही मागे बसा.

७ जून, रविवार

पाचोडला पोचलो. पांढरी व्हॅन दारात थांबली तशा सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या. हातानं बॉनेट चाचपलं, दार चाचपलं. डोळ्याला नुसतं पांढरं दिसत असणार. माझी गाडीही पांढरीच. म्हणाल्या, ‘लई झक्क गाडी हाय की जावईबापू! ऐसपैस!’ आळीतल्या चार बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी त्यांनाही हात लावून बघायला लावला.

मी बोलणार होतो. म्हणजे बोलायच्या बेतात होतो. तेवढ्यात फारूखभाई खाली उतरले, दार उघडून धरलं आणि म्हणाले, ‘हौ अम्मा, साब कीच गाडी है. मैं तो डायवर.’

तनुजानं माझ्याकडे बघितलं, मग दारासमोरच्या बाभळीकडे बघत राहिली.

जेवण झालं. धोंडे छान होते. फारूखभाई बाहेर ओट्यावर बसले होते. तनुजा आत बोलावत होती. ते म्हणाले, डायवर कू बाहर अच्छा. सासूबाईंनी स्वतः ताट वाढून बाहेर नेलं, चाचपडत, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसल्या. मला वाण दिलं. पितळी ताट, अनारसे, दिवा, शर्टपीस. मी म्हणालो, मला काही नको होतं. ते खरंच ठरलं.

कारण मग सोमनाथ मला गोठ्याशेजारी घेऊन गेला. चार टायर होते. जीपचे. कुठल्या तरी मित्रानं टाकून दिलेले. ‘नंबर जरा मोठा हाय दाजी, पन माल पक्का. नुसते पडून होते बघा, वापरच नाय.’ एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती. सोमनाथनं तिला उठवायचा प्रयत्न केला. तिनं जागा सोडायला साफ नकार दिला. मी म्हणालो, राहू दे.

येताना सासूबाई पुढे बसल्या. मी मागे, मांडीवर अनारशांचं ताट. रस्ताभर त्या आणि फारूखभाई बोलत होते. पोरं किती, नातू कसा आहे, दूध पचतं का. उतरताना सासूबाईंनी कनवटीची दहाची नोट काढली आणि फारूखभाईंच्या हातात दाबली. वर दोन अनारसे. मला म्हणाल्या, ‘डायवर मातर गुनाचा ठिवलाय. त्याला सोडू नका.’

फारूखभाईंनी नोट कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

शाळेत मुलं त्यांना सर म्हणतात. पण त्या प्रसंगी हे असंच बरं होतं. आपण मधे बोललो असतो तर म्हातारीचा विरस झाला असता.

८ जून, सोमवार

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नेलं-आणलं कुणी ते लिहीत नाही.

९ जून, मंगळवार

डोळ्यावरची पट्टी निघाली. सासूबाई घरभर फिरून एकेक वस्तू बघतायत. तनुजाकडे बघून म्हणाल्या, ‘बारीक झालीस.’ माझ्याकडे बघून काही म्हणाल्या नाहीत. मग दारात जाऊन उभ्या राहिल्या.

बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, ‘आपुन आलो ती गाडी तर त्या घरापुढं हाय, उन्हात. मंग सावलीत चादर घालून निजवलीया ती कुनाची?’

तनुजा म्हणाली, आपली.

त्या खाली उतरल्या, कव्हरचा कोपरा वर केला. फुटलेला टायर बघितला, मागचा बघितला. बोट फिरवलं. ‘अगं बया. टाचा फुटल्यात की हिच्या.’ मग वास घेतला. ‘खोबरेल लावलं व्हय जावईबापू?’

त्याच वेळी फारूखभाई पिशवीत शाळेच्या वह्या घेऊन बाहेर आले. शेजारून दोन मुलं गेली. ‘सलाम सर’ म्हणाली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आत आल्या त्या पलंगावर बसल्या आणि तनुजाला म्हणाल्या, ‘मास्तर हाय त्यो? आन म्या त्याच्या हातात दहा रुपये ठिवले गं.’

 रात्री जेवताना मी चटणी मागितली तर सासूबाईंनी आधी तनुजाकडे बघितलं, मग वाढली.

१३ जून, शनिवार

सांडूशेठकडून चार टायर बसवले. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट नेलं नव्हतं. भाव मे महिन्यापेक्षा वाढलाय. सांडूशेठनं स्वतःहून टायर फिरवून आकडे दाखवायला घेतले. म्हटलं, असू द्या, बसवा.

१४ जून, रविवार

सकाळी सासूबाईंना पाचोडला सोडायला निघालो. माझ्या गाडीत. जागा अडवायला कुंड्या ठेवल्या नाहीत. घाईत राहिलं.

त्या काळा चष्मा लावून पुढे बसल्या होत्या. हायवे लागला. मग म्हणाल्या, ‘डायवर नाय आला आज?’

म्हटलं, सुट्टी आहे त्याला.

‘बरा व्हता,’ म्हणाल्या. आणि पुढे रस्ताभर एकेक गाव, एकेक पाटी मोठ्यानं वाचत गेल्या. दावरवाडी फाट्याची पाटी तर दोनदा.

पाचोडला आळीतल्या बायका पुन्हा जमल्या. एकीनं विचारलं, मोठी गाडी कुठंय? सासूबाई म्हणाल्या, ‘ती बी हायच. शेजारी असती.’ मग आत जाऊन जुन्या लुगड्याची शिवलेली एक लहान गोधडी आणली. मऊ, धुतलेली. म्हणाल्या, मास्तराच्या नातवाला. माझं नाव सांगू नका, तनुजाला द्यायला सांगा.

परत आलो तेव्हा अकरा वाजले होते. लिंबाखालची जागा रिकामी. सकाळपासून रिकामीच होती म्हणे. फारूखभाईंनी व्हॅन हलवली नव्हती. शेजारी भर उन्हात तशीच उभी.

मी गाडी पलीकडच्या भिंतीशी लावली. तिथं दिवसभर ऊन असतं. झाडू आणून लिंबाखालच्या लिंबोळ्या, काड्या झाडल्या. कुंड्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. गोधडी तनुजाकडे दिली. तिनं विचारलं, गाडी तिकडं का? म्हटलं, एका जागी उभी राहिली तर टायरला भेगा पडतात. कंपनीचं लेखी उत्तर आहे, मेल दाखवू का?

ती म्हणाली, नको.

साडेबाराला फारूखभाई बाहेर आले. लिंबाकडे बघितलं, माझ्या गाडीकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. थोड्या वेळानं व्हॅन चालू झाल्याचा आवाज आला, आणि लगेच बंद झाला. जास्त लांब जायचं नव्हतं, लिंबापर्यंतच. मग तबस्सुम बाळाला घेऊन आली. बाळ गोधडीत गुंडाळलेलं. रडलं नाही.

कव्हर धुऊन वाळत घातलंय. गाडीचं दार उघडून बघितलं तर आत भट्टी. स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं की तनुजाला घेऊन जरा चालवून आणीन.